यादीतली सात पुस्तकं जुनीच आहेत

पत्राचा सारांश: लिहिणारी वाचक ४३ वर्षांची आहे, वाचनाची आवड लहानपणापासूनची. पाच मैत्रिणींचा तिचा गट आहे. वर्ष संपताना प्रत्येकीने आपली वर्षभरातली आवडती दहा पुस्तकं बाकीच्यांना कळवायची, हा त्यांचा अकरा वर्षांचा शिरस्ता. यंदा वहीतल्या नोंदी काढून यादी करायला बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की दहांतली सात पुस्तकं पूर्वी वाचलेलीच आहेत. एक कादंबरी तर या एका वर्षात चार वेळा वाचून झाली. बोलता बोलता हे निघालं, तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, तू पुढे कधी जाणार?’’ ते तिला लागलं. कपाटात न वाचलेली ३१ पुस्तकं आहेत, तीही खुपतात. सातांतली चार जुनी नावं गाळून त्यांच्या जागी बऱ्यापैकी आवडलेली नवी नावं घालावीत, असं मनात येतं आहे. तिचे प्रश्न असे: पुन्हा वाचलेलं पुस्तक वर्षाच्या वाचनात धरायचं का? सतत जुन्याकडे वळणं म्हणजे नव्याला घाबरणं तर नव्हे? आणि विशीत जिच्यावर जीव टाकला ती एक कादंबरी यंदा उथळ वाटली, आता तिचं काय करायचं? पत्रासोबत तिने वर्षभराच्या नोंदींची नक्कल जोडली आहे.

प्रिय मैत्रिणी,

पत्र एकदा वाचलं आणि तुमच्या नोंदी तीनदा. तुम्ही गोळाबेरीज बरोबर केली आहे: एकूण २३ वाचनं, त्यांतली १४ आधी वाचलेल्या पुस्तकांची. पण महिने पाहिले नाहीत. मी पेन्सिल घेऊन प्रत्येक नव्या पुस्तकापुढे एक फुली मारत गेले. जानेवारी-फेब्रुवारीत तीन पुस्तकं, तिन्हींपुढे फुली. मार्च ते जुलै दहा वाचनं आणि एकही फुली नाही. ती कादंबरी या काळात तीनदा येते. ऑगस्टपासून पुढे पुन्हा दहा, त्यांत सहा फुल्या.

मग पत्र परत उघडलं. तिसऱ्या पानावर, दुसरंच काही सांगताना तुम्ही लिहून गेला आहात, की मार्चमध्ये नोकरी बदलली, त्यामुळे वाचायला वेळ कमी मिळाला. वेळ कमी मिळालेला दिसत नाही. त्या पाच महिन्यांत तुम्ही दहा वेळा पुस्तक हातात घेऊन शेवटच्या पानापर्यंत गेलात. तेव्हा नव्या पुस्तकासाठी लागणारी ताकद उरत नसावी, असा माझा अंदाज आहे. नवी कादंबरी उघडली की पहिली पन्नास पानं आपण खूप काम करत असतो. कोण कुणाचं कोण, कुणावर विश्वास ठेवायचा, लेखक कुठल्या सुरात बोलतो आहे, सगळं ध्यानात धरावं लागतं. दिवसभर नव्या कचेरीत तुम्ही नेमकं तेच करत होता: नवी माणसं, नवी नावं, कुणाचं बोलणं मनावर घ्यायचं आणि कुणाचं नाही. रात्री पुन्हा तेच करायचं त्राण नव्हतं. म्हणून तुम्ही अशा घरात गेलात, जिथे अंधारातही दिव्याचं बटण हाताला लागतं.

याला घाबरणं म्हणायला मी तयार नाही. घाबरला असतात तर ऑगस्टपासून पुढे त्या सहा फुल्या आल्या नसत्या. त्या तुम्ही ठरवून आणल्या नाहीत, कुणी सांगितल्या नाहीत, तुमच्या लक्षातही आल्या नाहीत. हात बसला आणि भूक परत आली.

आणखी एक. तुम्हाला नोंदींत ‘हे पुस्तक कुठून कळलं’ तेही लिहायची सवय आहे. फार चांगली सवय. ऑगस्टनंतरच्या सहा नव्या पुस्तकांपैकी चारांपुढे तुम्ही जुन्याच पुस्तकाचं नाव लिहिलं आहे. एकाच्या प्रस्तावनेत उल्लेख होता, एक त्याच लेखिकेचं, एकात पात्र जे वाचत असतं ते पुस्तक, आणि एक त्याच काळाबद्दलचा इतिहास. म्हणजे मैत्रिणीने विचारलं ना ‘पुढे कधी जाणार’, तर तुम्ही गेलाच आहात, जुन्यांच्या दारातून.

आता तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी असलेल्या गृहीतकाकडे येते. पुस्तक एकदा वाचलं की ते ‘झालं’, असं आपण धरून चालतो. ‘ते माझं झालंय’ हे वाक्य आपण वाचनाबद्दल फार सहज वापरतो. पण खरंच किती झालेलं असतं? सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार मॉन्टेन, ज्याचे निबंध पहिल्यांदा १५८० मध्ये छापले गेले, त्याला आपल्या स्मरणशक्तीचा अजिबात भरवसा नव्हता. काही वर्षांपूर्वी बारकाईने वाचून, समासात टिपणं करून ठेवलेलं पुस्तक आपण अगदी नवं समजून पुन्हा हातात घेतो, असं अनेकदा घडल्याचं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यावर त्याने उपाय काढला. पुस्तक संपलं की शेवटी तारीख लिहायची आणि एकूण मत काय झालं ते दोन-चार ओळींत नोंदवायचं. इतकं वाचणाऱ्या माणसाची ही गत, तर आपण एका वाचनात पुस्तक ‘झालं’ म्हणून कपाटात कसं लावून टाकतो?

मॉन्टेनची ही युक्ती मी गेली बरीच वर्षं वापरते. पण तिचा मला झालेला उपयोग अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला, म्हणून सविस्तर सांगते.

माझ्याकडे एक कादंबरी आहे, ती मी एकोणिसाव्या वर्षी वाचली, मग तिशी ओलांडल्यावर आणि अलीकडे तिसऱ्यांदा. पहिल्या वाचनात मी समासात पेन्सिलने मुक्तपणे लिहायचे. एका पानावर, बाप मुलीला निरोप देताना जे बोलतो त्याच्याशेजारी, मी मोठ्या अक्षरांत ‘खोटं!’ असं लिहून दोन रेघा ओढल्या होत्या. तिशीत ते पान आलं आणि मला ओशाळल्यासारखं झालं. बापाचं बोलणं किती समंजस, किती हळवं, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीला त्यातलं काय कळणार, असं वाटून मी ते खोडरबरने पुसायला घेतलं. नीट पुसलं गेलं नाही, कागदावर खाच राहिली. तिसऱ्या वाचनात ती खाच बोटाला लागली, म्हणून त्या ओळी मी फार हळू वाचल्या. आणि तेव्हा दिसलं, की त्या सगळ्या हळव्या बोलण्यात बाप मुलीला एकही प्रश्न विचारत नाही. दीड पान बोलतो, पण तुझं काय, असं एकदाही नाही. पुढे सव्वाशे पानांनंतर कादंबरी ज्या वळणावर उलटते, त्याचं बीज तिथेच आहे. एकोणिसाव्या वर्षीच्या मला ते शब्दांत सांगता आलं नसतं, पण तिने बरोबर ओळखलं होतं. चुकली ती तिशीतली मी.

पुन्हा वाचल्यावर आपण आधीपेक्षा शहाणे झालेले असतो आणि पुस्तक जास्त कळतं, असं सगळे म्हणतात. दरवेळी तसं होत नाही. कधी कधी आपण काही गमावलेलं असतं आणि ते त्या पुस्तकात ठेवलेलं सापडतं. नवं पुस्तक, कितीही उत्तम असलं, तरी हे देऊ शकत नाही, कारण तिथे आपण आधी गेलेलोच नसतो.

यावरून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळते. विशीत आवडलेली ती कादंबरी. तुम्ही लिहिलं आहे, की त्यातल्या बायका नुसत्या नायकाच्या दुःखाला टेकू म्हणून उभ्या आहेत, हे आज दिसलं आणि ‘हे मला कसं आवडलं होतं’ याची लाज वाटली. लाज वाटू देऊ नका. तुमचं आजचं वाचन बरोबर असेल. पण विशीतल्या तुम्हाला त्या पुस्तकातून काहीतरी खरं मिळालं होतं, आणि ते काय होतं हे एकदा शोधून पाहण्यासारखं आहे. कदाचित एखाद्याने आपलं एकटेपण मोठ्याने बोलून दाखवलेलं तुम्ही तिथे प्रथम वाचलं असेल. त्यासाठी त्या पुस्तकाचे आभार मानता येतात आणि त्यातल्या बायकांबद्दल रागही धरता येतो, दोन्ही एकाच पानावर लिहा. पुस्तक ठेवायचं की देऊन टाकायचं, हे त्यानंतर सहज सुचेल. आणि ज्यांना अशा अपेक्षाभंगाची भीती वाटते त्यांना सांगते: आवडलेलं प्रत्येक पुस्तक पुन्हा वाचलंच पाहिजे असं नाही. माझं एक पुस्तक मी मुद्दाम उघडत नाही. ते मला जसं आठवतं तसंच हवं आहे.

आता, पुन्हा वाचण्याची बाजू घेताना तिची किंमत लपवणं बरं नाही. हिशोब साधा आहे. वर्षाला २४ पुस्तकं आणि पुढची ३५ वर्षं धरली, तर तुमच्या हातात ८४० वाचनं आहेत. यंदासारखं निम्म्याहून अधिक जुन्याला दिलंत तर नवी पुस्तकं चारशेच्याही खाली येतील. हा तोटा खरा आहे, आणि तो पाहून मलाही थोडं धस्स होतं. पण दुसरी बाजूही पाहा. एकही पुस्तक पुन्हा न वाचता ८४० नवी वाचलीत, तरी जगातलं वाचण्यासारखं जे काही आहे त्याच्या काठालाही आपण पोचत नाही. म्हणजे निवड ८४० आणि ‘सगळं’ यांच्यात कधीच नव्हती. मला विचाराल तर पाचातलं एक वाचन जुन्याला द्यावं, आणि अवघड वर्षात हवं तितकं. यंदाचं वर्ष अवघड होतं. त्याचा हिशोब वेगळा ठेवा.

पण एक गोष्ट मात्र मला खटकली, आणि ती तुम्हीच लिहिली आहे: डिसेंबरमध्ये ती कादंबरी चौथ्यांदा वाचताना पहिली साठ पानं कधी गेली ते कळलंच नाही. हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. तिथे डोळे वाचत नव्हते, आठवण पुढे पळत होती. मे महिन्यात त्याच कादंबरीबद्दल तुमची नोंद अशी आहे, की ‘या वेळी धाकट्या दिराकडे लक्ष गेलं, तो दर प्रसंगात दाराजवळच का उभा असतो?’ केवढी सुंदर नोंद! डिसेंबरच्या रकान्यात फक्त तारीख आहे. मी इतकंच म्हणेन, की त्या पुस्तकाला आता विसावा द्या. दोन वर्षं, तीन वर्षं. विसरायला वेळ मिळाला, तर ते पुन्हा बोलायला लागेल.

इथे पुन्हा वाचण्याचे हेतू वेगळे करायला हवेत, कारण अशी बरीच पत्रं येतात आणि सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो. आधारासाठी, सोबतीसाठी वाचत असाल तर पुस्तक डोळ्यांखालून नुसतं वाहू द्या, त्यात गैर काही नाही. पण जे वाचक लिहितात, की ‘वाचलेलं लक्षात राहावं म्हणून मी वैचारिक पुस्तकं लागोपाठ दोनदा वाचते, तरी राहत नाही’, त्यांच्यासाठी वेगळं उत्तर आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे लगेच पुन्हा वाचल्याने ‘मला येतंय’ असं वाटतं, पण टिकतं ते आठवायच्या खटपटीने.

हे मी कथा-कादंबऱ्यांनाही लावून पाहिलं आणि मला त्यातून फार आनंद मिळाला. जुनं पुस्तक उघडण्याआधी कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिहायचं. सुरुवात कशी, शेवट कसा, कोणता प्रसंग डोळ्यांपुढे आहे, घर कसं दिसतं. मग वाचायचं. किती वेळा असं झालं आहे, की मला स्वच्छ आठवणारा प्रसंग पुस्तकात नाहीच! एकदा पावसातली एक भेट मी शोधत राहिले. भेट होती, पाऊस नव्हता. पाऊस माझा होता, आणि तो कुठून आला याचा विचार करता करता मला त्या पुस्तकाबरोबरचं ते वर्ष आठवलं. तुमच्या दिराबद्दलच्या नोंदीसारख्या नोंदी यातून आपसूक होतील.

‘शेवट माहीत असताना काय मजा’, असं तुमची मैत्रीण म्हणते. लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या संशोधकांनी २०११ मध्ये वाचकांना लघुकथा देऊन पाहिलं होतं. ज्यांना शेवट आधी सांगितला होता त्यांनी कथांना सरासरीने थोडी जास्तच पसंती दिली. नंतरच्या काही अभ्यासांत उलटही दिसलं, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करणार नाही. पण आपला अनुभव तर आहे: काय होणार याची धाकधूक गेली, की कसं होतं हे पाहायला मन मोकळं होतं. तो दीर दाराजवळ उभा असतो, हे पहिल्या वाचनात दिसणं अवघडच होतं. तेव्हा तुम्ही नायिकेचं काय होतं या काळजीत होता.

ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत आणि रोज रात्री तीच गोष्ट वाचून दाखवायचा आग्रह होतो, त्या आईबाबांचीही पत्रं येतात, त्यांनाही इथेच सांगून टाकते. वाचा तीच गोष्ट. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द तितक्याच वेळा ऐकवले, पण काहींना त्याच त्या गोष्टींतून आणि काहींना वेगवेगळ्या गोष्टींतून. त्याच गोष्टी पुन्हा ऐकलेल्या मुलांना शब्द जास्त आले. मुलं आळशी नसतात. त्यांचं अजून त्या गोष्टीतलं घेऊन झालेलं नसतं.

राहिली ती ३१ न वाचलेली पुस्तकं. तुम्ही त्यांना ‘थकबाकी’ म्हटलं आहे. हा शब्द मनातून काढून टाका, पुस्तकांचं कुणी देणं लागत नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सगळी खाली काढा आणि प्रत्येक हातात घेऊन विचारा, हे मी कुणाच्या सांगण्यावरून घेतलं? जी दुसऱ्याच्या यादीतून आली आणि ज्यांच्याबद्दल आजही आतून काही वाटत नाही, ती वाचणाऱ्याला देऊन टाका. उरलेल्यांसाठी एक सोपा नेम सुचवते: जुनं पुस्तक संपलं, की दुसऱ्या दिवशी या ढिगातल्या एकाची तीस पानं वाचायची. तीसच. आवडलं तर पुढे, नाही तर मनाला न लावता परत फळीवर. जुनं संपवून उठल्यावर आपण वाचायच्या लयीत असतो, तेव्हा नव्याचा उंबरा तितका उंच वाटत नाही.

हे नेहमी स्वतःशी पडताळून पाहा, की नवं पुस्तक बाजूला ठेवता तेव्हा ते कंटाळवाणं आहे म्हणून, की मन थकलं आहे म्हणून. दोन्ही चालेल, फक्त कोणतं ते माहीत असू द्या. वर्षभर एकाही नव्या पुस्तकाची तीस पानं पुढे गेली नाहीत आणि जुनी पुस्तकंही डिसेंबरमधल्या त्या साठ पानांसारखी नुसती सरकत गेली, तर मग पुस्तकांचा विचार सोडा आणि जवळच्या माणसाशी बोला. ती थकण्याची खूण असू शकते. तुमच्या नोंदींत मला तसं काही दिसत नाही.

आणि यादी. चार नावं बदलू नका. मैत्रिणींना एवढ्यातेवढ्यासाठी फसवणं तुम्हाला जमणार नाही, आणि अकरा वर्षांच्या त्या याद्यांमध्ये एकच खोटी यादी राहील, ती तुमच्याच डोळ्यांत खुपेल. पुन्हा वाचलेलं धरायचं का, तर हो, धरायचं. फक्त दोन रकाने करा: ‘यंदा भेटलेली’ आणि ‘यंदा पुन्हा भेटलेली’. पहिल्यात तीन नावं, दुसऱ्यात सात. दुसऱ्या रकान्यात प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहा, की मागच्या वेळी काय दिसलं होतं आणि या वेळी काय दिसलं. दिराची ओळ तर तयारच आहे. विशीतली ती कादंबरी दहांत बसणार नाही, तरी खाली वेगळी लिहा. तुमच्या गटातल्या निदान एकीला तरी आपलीही अशीच एक कादंबरी आठवेल.

ती चार वेळा वाचलेली कादंबरी वरच्या फळीवर ठेवण्याआधी शेवटच्या कोऱ्या पानावर आजची तारीख घाला, आणि तिच्याशेजारी ‘नव्या नोकरीचं वर्ष’ एवढं लिहा. यादीत मात्र तिचं नाव दुसऱ्या रकान्यात सगळ्यात वर असू द्या, आणि पुढे ‘चार वेळा’ हे अक्षरात लिहा.

तुमची,
सदरलेखिका